चार घरं आत

नागरिकशास्त्र हा विषय आमच्या शाळेत कोणालाच नको असायचा, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. गणिताच्या मास्तरांना शिकवण्या मिळत, इंग्रजीच्या मास्तरांना मान मिळे, आणि नागरिकशास्त्रवाल्याला निवडणूक जवळ आली की मतदार यादीचं काम मिळे. शाळा जरीपटक्याच्या पुढे होती. सत्तरच्या दशकाची ती पहिली वर्षं, मी नुकताच तिशीत आलेलो. गावाकडे वडील शेती करत. मी वाडीला, ट्रकांच्या गोदामांमागे एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो आणि रोज सायकलने अर्धं नागपूर ओलांडून शाळेत येत होतो. तेव्हा मी स्वतःला मोठा सुधारक समजत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा प्रकार त्या समजुतीवरच उभा आहे.

माझी सुधारणा सगळी तोंडात होती. वर्गात मी सांगायचो की इंग्रजांच्या काळात मत होतं ते सारा भरणाऱ्याला, गावाच्या जमीनदाराला म्हणजे मालगुजाराला, चार बुकं शिकलेल्याला. बाकीच्यांनी फक्त राज्य करवून घ्यायचं. दुसऱ्या देशांत बायकांना मतासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, तुरुंगात जावं लागलं. आपण मात्र पहिल्याच निवडणुकीत सगळ्यांना मत दिलं. शिकलेला असो की अडाणी, बाई असो की पुरुष, एकवीस वर्षं पूर्ण झाली की एक माणूस आणि एक मत. मुलं ते पाठ करत आणि माझ्याच अंगावर काटा येई. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' ही म्हण ज्याने केली, त्याने माझ्यासारखा एखादा मास्तर नक्की पाहिला असणार.

त्या वर्षी यादीची पडताळणी माझ्याकडे आली. काम सोपं होतं. जुनी छापील यादी घ्यायची, घरोघरी जायचं, माणसं आहेत की नाहीत ते पाहायचं. नवीन असतील त्यांची नावं लिहायची, गाव सोडून गेलेल्यांच्या आणि वारलेल्यांच्या नावांवर लाल रेघ मारून बाजूला कारण लिहायचं आणि शेवटी खाली सही करायची. माझ्या वाट्याला शाळेमागची वस्ती आली. छप्पन साली ज्यांनी इथेच, नागपुरात, धर्म बदलला त्यांची ती वस्ती. गिरणीतले कामगार, रिक्षावाले, रेल्वेत लागलेले दोघे-चौघे. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसत. त्यांच्या पाठीवर मी शाबासकी देत असे, आणि त्याचंही मला कौतुक होतं.

पहिल्याच घरी गोंधळ झाला. घरमालक रेल्वेतला, बोलका माणूस. त्याने खुर्ची दिली, नावं भराभर सांगितली, आणि आतून त्याची मुलगी स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन आली. गिलास इतका घासलेला की त्यात खिडकी दिसत होती. मी म्हणालो, "नको नको, आत्ताच पिऊन आलो." ऊन तापलं होतं, ओठ वाळले होते, सायकल मारून घसा कोरडा पडला होता. हॉटेलात मी कोणाच्याही हातचं पीत असे, तिथे हात दिसत नाही. पण घरात, समोर उभं राहून कोणी देतं तेव्हा माझ्या आईचा सगळा स्वयंपाकघराचा कायदा माझ्या घशात येऊन बसला. मी ठरवून काही केलं नाही, हात पुढे गेलाच नाही. मात्र 'ठरवून केलं नाही' हे मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो, आणि त्याचीही आज लाज वाटते.

तो माणूस रागावला नाही. हसला, आणि मुलीला म्हणाला, "ने बेटा ने. गुरुजी पान्याचे नाहीत."

त्याने ओळखलं होतं. मुलीनेही ओळखलं असेल, ती दुसऱ्या वर्षी माझ्याच वर्गात आली. मी तिथून उठलो तेव्हा कान तापले होते. शहाण्या माणसाने पुढच्या घरी जाऊन दोन गिलास पाणी मागून प्यालं असतं. मी काय केलं? पुढच्या घरी गेलोच नाही. पुन्हा कोणी गिलास पुढे करेल आणि पुन्हा मी पकडला जाईन, या भीतीने मी वस्तीच्या तोंडाशी असलेल्या सायकलच्या दुकानात जाऊन बसलो. दुकानदार पंक्चर काढत होता. त्याला सगळी वस्ती माहीत होती. मी यादी वाचायची, त्याने सांगायचं, मी खूण करायची. बसून काम, सावलीत. दोन दिवसांचं काम तीन तासांत उरकत होतं.

एका नावावर तो थांबला. गिरणीतून निवृत्त झालेली बाई, वय साठीच्या आसपास.

"हे बाई बिमार होती जी," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात रिक्षात टाकून धंतोलीले नेलं, दवाखान्यात. लय खराब हालत होती. लोक म्हनत होते, वाचत नाही. तवापासून काही मले दिसली नाही."

"मग?"

"मंग काय, घरी पाहून घ्या न. इथूनच चार घरं आत आहे. सून असन घरी."

चार घरं. मी मान वर करून पाहिलं तर दार दिसत होतं, दारासमोर तुळतुळीत सारवलेलं अंगण होतं. मी पेनाचं टोपण काढलं, लाल रेघ मारली आणि बाजूला 'मयत' लिहिलं. दुकानदाराने पाहिलं की नाही, ठाऊक नाही. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

मतदानाच्या दिवशी आमच्याच शाळेच्या केंद्रावर एक कर्मचारी ऐन वेळी आजारी पडला आणि त्याच्या जागी मला बसवलं. यादीतलं नाव शोधायचं आणि मोठ्याने वाचायचं, एवढंच काम. दहाच्या सुमारास एक बाई आली. काठी टेकत, पांढरं लुगडं, पायात नवी चप्पल. आजाराने वाळलेली, पण ताठ. तिने हातातली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी नंबर पाहिला, पान उलटलं आणि ती रेघ दिसली.

मी काहीच वाचलं नाही. केंद्राध्यक्ष उठून माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांनी पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "बाई, तुम्ही यादीत मयत आहात. मत देता येणार नाही."

"मेली म्हन्ता?" बाई म्हणाली. "मंग हे बोलून कोन राहिलं?"

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. हे लिहायला नको वाटतं, पण हसलो हे खरं. सगळे हसत होते, आणि हसणाऱ्यांत मिसळलं की आपल्याकडे कोणी पाहत नाही.

ती हसली नाही. ती केंद्राध्यक्षांना समजावू लागली, आवाज न चढवता. "साहेब, पयल्या निवडणुकीपासून मी एक बी मत चुकवलं नाही. तवा पेट्या येगयेगळ्या होत्या, पेटीवर चिन्ह चिपकवलेलं होतं. माह्या बापाच्या टायमाले मत मालगुजाराले होतं. पयल्या निवडणुकीत मालगुजारीन अन् मी एकाच लायनीत होतो, ते माह्या मांगं होती. धंतोलीच्या दवाखान्यात पडली होती तवा डाक्टरले म्हनलं, मत द्याच्या आधी मले पायावर उभी करा. अन् तुम्ही म्हन्ता मेली."

केंद्राध्यक्ष वाईट माणूस नव्हते. पण नियम होता आणि रांग होती. ते म्हणाले, "यादीत जे आहे ते आहे बाई. पुढच्या वेळी नाव घालून घ्या." ती वाद घालत बसली नाही. बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि मतदान संपेपर्यंत तिथेच राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर सांगे, "मी इथंच आहो. ज्याले पाह्याचं त्यानं पाहून घ्या." मी दिवसभर नावं वाचत होतो. दारातून मला तिची पाठ दिसत होती. उठून दोन पावलं गेलो असतो आणि 'बाई, ती रेघ माझी आहे' म्हणालो असतो तरी तिला मत मिळालं नसतं, हे मी स्वतःला पटवत होतो. पटतही होतं. मास्तर माणूस, पटवण्यात पटाईत.

पंधरा दिवस मला नीट जेवण गेलं नाही. मग मी एक उपाय काढला, आणि उपाय सुचला याचाच मला इतका आनंद झाला की मी शिट्टी वाजवत सायकल मारली. नाव पुन्हा नोंदवायचा अर्ज आणून मी तिच्या घरी गेलो. या वेळी चारही घरं आत. सून घरी होती. मॅट्रिक झालेली, चटपटीत. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला ताजा हार. सुनेने पाणी आणलं. मी एक गिलास प्यालो आणि मुद्दाम दुसरा मागितला. तोही प्यालो. नंतर चहा घेतला. बाई माझ्याकडे कौतुकाने पाहत होती आणि मी ते कौतुक पाण्याबरोबर पीत होतो.

अर्ज भरून झाला. तिने सही केली, रात्रशाळेत शिकलेली, सावकाश, एकेक अक्षर सुटं. मग म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सोताहून आले. असा मास्तर पाह्यला नाही मी. आता मले एक सांगा, मले मेली लिहिलं कोनं?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. घरात फक्त आम्ही तिघं होतो. चहाची वाफही अजून गेली नव्हती.

"कचेरीतल्या एखाद्या कारकुनाची चूक असेल, मावशी," मी म्हणालो. "उतरवताना होतं असं."

"नाव काय त्याचं?"

"ते कसं कळणार?"

"मंग शोधलं पायजे," ती म्हणाली, आणि सुनेकडे वळली. "लिही वं."

मला वाटलं, बोलण्याची गोष्ट. म्हातारी माणसं असं म्हणतात आणि विसरून जातात. मी तिला ओळखलंच नव्हतं. जिने गिरणीत हजेरीसाठी, सुट्टीसाठी, बाळंतपणाच्या रजेसाठी अर्जावर अर्ज केले होते, तिच्यासाठी अर्ज हे रोजचं हत्यार होतं. मी नागरिकशास्त्र शिकवत होतो आणि ती ते करत होती. सुनेने लिहिलं, तिने सही केली आणि तक्रार कचेरीत गेली. आपल्याला मयत कोणी लिहिलं त्याचं नाव कळावं आणि त्याला विचारणा व्हावी, एवढीच मागणी होती. यादी उतरवणाऱ्या कारकुनाला खुलासा मागितला गेला. दोन लेकरांचा बाप, हंगामी नोकरी. त्याने घाबरून सगळी कपाटं उपसली आणि मूळ पडताळणीचा कागद काढला. त्यावर 'मयत' माझ्या अक्षरात होतं आणि खाली माझी सही होती.

पत्र शाळेत आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "एवढं काम लादतात आपल्यावर, चुका होणारच," ते म्हणाले. मी मान हलवली आणि खुलाशात 'चूक झाली' एवढंच लिहून दिलं. त्यांच्या सहानुभूतीने बरं वाटलं.

कचेरीतल्या खोलीत आम्ही पाच जण होतो. अधिकारी, कारकून, बाई, तिची सून आणि मी. बाईने मला पाहिलं. आधी तिला वाटलं मी तिच्या बाजूने आलोय, कारण ती ओळखीचं हसली आणि बाकावर सरकून मला जागा करून दिली. मी बसलो नाही. अधिकाऱ्यांनी कागद वाचून दाखवला, पडताळणी कोणी केली ते सांगितलं. तेव्हा ती वळली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिच्या पाहण्यात राग असता तर सोसलं असतं. ती नीट आठवून पाहत होती, मी तिच्या घरी कुठे बसलो होतो, काय बोललो होतो.

अधिकारी मवाळ होते. म्हणाले, "आजी, गुरुजींनी चूक मान्य केली आहे. तुमचं नावही परत आलंय, आणि अर्ज त्यांनीच भरलाय. आता मिटवून टाका."

मी हात जोडले. मनातून मला खात्री होती की ती मोठ्या मनाने सोडून देईल. अशी माणसं सोडून देतात, असं मी गृहीत धरलं होतं. त्यांचं मोठं मन हा जणू माझा हक्कच होता. चेहरासुद्धा मी त्याला साजेसा, नम्र करून ठेवला होता.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुम्ही माह्या घरी दोन गिलास पानी पेले. चाय पेले. तवा काहून नाही सांगतलं?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"बरं ते राहू द्या. त्या दिवशी चार घरं आत काहून नाही आले?"

"वेळ नव्हता," मी म्हणालो.

"वेळ?" ती म्हणाली, आणि थांबली. ती नुसती थांबली. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलापुढे मी असाच थांबत असे, पण माझ्या थांबण्यात छडी असायची. तिच्याकडे फक्त काठी होती आणि ती तिने भिंतीला टेकवून ठेवली होती.

"तुम्ही पाणी द्याल," मी म्हणालो, "म्हणून आलो नाही."

कारकुनाने खाली पाहिलं. अधिकाऱ्यांनी टेबलावरचे कागद विनाकारण जुळवले. सून उभी होती ती बसली. बाईला मात्र धक्का बसला असं वाटलं नाही. तिला हे उत्तर माहीत असावं, माझ्या जन्माच्या आधीपासून. फक्त ते ज्याचं त्याच्या तोंडून यावं अशी तिची इच्छा होती.

"लिहा साहेब," ती म्हणाली.

"आजी, असं लिहिता येत नाही," अधिकारी म्हणाले. "याच्यातून भलतंच निघेल. गुरुजींची नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. तुम्हाला तसं हवंय का?"

"मले त्याची नोकरी नको. मानूस वाईट नाही. मले मेली लिहिलं ते कागदावर होतं, मंग काहून लिहिलं ते बी कागदावर पायजे."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न होता, आणि तो प्रश्न मला नीट समजला. मी 'लिहा' म्हटलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं. मी खिडकीकडे पाहू लागलो. गावाकडे वडिलांना काय सांगणार, बहिणीचं लग्न ठरलेलं, असे विचार त्या अर्ध्या मिनिटात मनात आले, आणि सगळे खरे होते. म्हणूनच त्यांची जास्त लाज वाटते. खोटी कारणं निदान कधीतरी उघडी पडतात.

अधिकाऱ्यांनी लिहिलं. सुनेने तो कागद मोठ्याने वाचला: वेळेअभावी प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी केली गेली नाही, संबंधित शिक्षकास ताकीद देण्यात येत आहे, तक्रारदाराचे समाधान झाले आहे. वाचून झाल्यावर तिने सासूकडे पाहिलं.

बाईने पेन हातात घेतलं होतं. त्याला टोपण लावून तिने ते टेबलावर परत ठेवलं.

"हे त्यानं आता सांगतलं ते नाही," ती म्हणाली. "मी सही करत नाही."

अधिकाऱ्यांनी दोनदा समजावलं. ती नाही म्हणाली. मग काठी घेऊन उठली, माझ्याकडे न पाहता सुनेला म्हणाली, "चाल वं," आणि दोघी निघून गेल्या. तिच्या नावापुढची जागा कोरी राहिली. कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला, आणि मी खाली सही केली.